नांगराआधीचं ताट

भाद्रपद शुद्ध पंचमीला उंद्रीतल्या व्रत पाळणाऱ्या घरात परात पालथीच राहते. त्या दिवशी कणीक मळायची नाही, भाकरी थापायची नाही, तुरीचं वरण लावायचं नाही. विळीपाशी अळूची पानं, लाल भोपळ्याची फोड, परसातल्या वेलाचे दोडके, भेंडी, मक्याची कणसं, अंबाडीची जुडी आणि सुरणाचा तुकडा मांडलेला असतो. सुरण हाताला खाजतं, म्हणून आधी चिंचेचं पाणी लावून घ्यायचं. अळूचे देठ सोलताना निघणारे लांब दोरे बोटाला गुंडाळत बाजूला टाकायचे. कणसाचे बोटभर तुकडे करायचे. मग सगळं एकाच पातेल्यात, मसाल्याची गर्दी न करता, चिंचेच्या कोळात शिजवायचं. सोबत भगर, किंवा कुठे मिळालंच तर पाणथळीत आपोआप उगवलेलं देवधान. नातीनं पोळी मागितली तर आजी सांगते, "आज बैलाच्या कष्टाचं खायाचं नसते, माय."

ही ऋषिपंचमी. पाचच दिवसांपूर्वी, श्रावणी अमावस्येला, पोळा झालेला असतो. शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ आणि बैलाच्या तोंडात पुरणपोळीचा घास. त्या बैलानं नांगरलेल्या जमिनीतलं काही पंचमीला पोटात जाऊ द्यायचं नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात, जिथे जगणं सगळं शेतावर आहे, तिथे वर्षातला एक दिवस माणूस शेतीच्या अलीकडून पलीकडे जाऊन बसतो. जेवतो मात्र पोटभर.

त्या दिवशी कुणी आहारतज्ज्ञ उंद्रीला आला, तर त्याला हे ताट ओळखीचं वाटेल. गहू नाही, डाळ नाही, पाकिटातलं काही नाही. कंद, पानं आणि फळभाज्या. शहरातल्या जिममध्ये ज्याला 'पॅलिओ' म्हणतात, त्याच्याशी हे बरंच जुळतं. वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकी डॉक्टरानं १९७५ साली अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिलं. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तोच विचार शास्त्रीय भाषेत मांडला आणि २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकानं तो घरोघरी नेला. म्हणणं थोडक्यात असं: माणसाचं शरीर लाखो वर्षांच्या शिकारीत आणि कंदमुळं गोळा करण्यात घडलं. शेती आली ती अवघ्या दहा हजार वर्षांपूर्वी, आणि तेवढ्या काळात शरीर बदललं नाही. म्हणून धान्य, कडधान्य आणि दूध सोडा. मांस, मासे, भाज्या, फळं आणि कवचाची फळं खा.

डाएट म्हणून याची चर्चा पुष्कळ होते. पण त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे, आणि तो या गावातल्या व्रतातही आहे. माणसाचं 'मूळ' अन्न कोणतं? आणि जे मूळ, ते शुद्ध असतंच का?

पॅलिओ या प्रश्नाचं उत्तर कालगणनेतून देतो: जे जुनं ते खरं. पण काळात मागे जायला लागलं की ही रेघ डळमळते. इटलीतल्या बिलान्चिनो इथे सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या दगडी वरवंट्यांवर वनस्पतींच्या पिठाचे कण सापडले आहेत. जॉर्डनच्या वाळवंटात चौदा हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत जळलेल्या भाकरीचे तुकडे मिळाले, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधीचे. निएंडरथल माणसाच्या दातांवरच्या किटणातही शिजवलेल्या धान्याचे कण मिळाले. शरीरही दहा हजार वर्षं तसंच थांबलेलं नाही. पिष्टमय पदार्थ पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती धान्य-कंद खाणाऱ्या समाजांत अधिक आढळतात, आणि मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता गुरं पाळणाऱ्यांमध्ये गेल्या काही हजार वर्षांतच पसरली. अश्मयुग हे एकच एक ताट नव्हतं. समुद्रकाठी एक, गवताळ माळावर दुसरं, बर्फात तिसरं.

आणि नांगरापासून दूर जाणं दर वेळी आरोग्याकडे जाणं असतं, असंही नाही. महाराष्ट्राच्या मातीत याचा एक दाखला आहे, आणि तो मन हेलावून टाकतो. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या दरम्यान तिथे एक गाव नांदत होतं. लोक बार्ली पिकवत, गुरं पाळत, चौकोनी घरांत राहत आणि मेलेल्या बाळांना मातीच्या दोन रांजणांत तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीत पुरत. इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडं पडत गेलं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, रानातली शिकार आणि भटकंती वाढली. म्हणजे हे गाव खरोखरच नांगरापासून मागे सरकलं. पण या उशिराच्या काळातल्या बालकांच्या अस्थींवर वाढ खुंटल्याच्या खुणा अभ्यासकांना आढळल्या. त्या लोकांनी रानातलं अन्न निवडलेलं नव्हतं, त्यांच्यापुढे तेवढंच उरलं होतं. मुक्कामाचं धान्य गेलं, तेव्हा आधी लेकरं खंगली. धान्यालाच विष ठरवणाऱ्यांनी हे रांजण विसरू नयेत.

मग ऋषिपंचमीचं ताट काय सांगतं? इथे शास्त्रग्रंथांकडे वळलं की गोष्ट वेगळी दिसायला लागते. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाश्रमाचे नियम आहेत. अरण्यात गेलेल्यानं नांगरलेल्या जमिनीत उगवलेलं खाऊ नये, कुणी टाकून दिलेलं असलं तरी. गावात पिकलेली मुळं-फळं भुकेनं जीव कासावीस झाला तरी घेऊ नयेत. त्याच ओघात आणखी एक आज्ञा आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: वर्षाचा साठा आश्विन महिन्यात टाकून द्यावा. ऋषींचं धान्य नीवार, म्हणजे रानात आपोआप उगवणारा भात. गावातलं देवधान त्याचंच भावंड. पंचमीला व्रत धरणारी बाई एका दिवसापुरती वानप्रस्थी होते; घर न सोडता, चूल न विझवता.

या नियमांत शरीराच्या आरोग्याचा शब्दही नाही. त्यांचा रोख दोन गोष्टींवर आहे: कुणाच्या कष्टाचं खातो आणि किती साठवून ठेवतो. नांगर आला म्हणजे बैलाच्या मानेवर जू आलं. पीक आलं म्हणजे कणगी आली, कणगी आली म्हणजे मालकी आली, कुलूप आलं, सावकारही आला. वानप्रस्थी या सगळ्यातून बाहेर पडतो. त्याचं अन्न जुनं आहे म्हणून शुद्ध नाही. त्यात कुणाची मान घासलेली नाही म्हणून ते शुद्ध मानलं आहे.

व्रताच्या कहाणीतही हा बैल आहे, आणि तिथे एक काटाही आहे. कहाणीतल्या बाईनं विटाळात स्वयंपाकघरात वावर केला, म्हणून ती पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि तिच्या संगतीचा दोष लागून नवरा बैल झाला. दोघं आपल्याच मुलाच्या दारी राहिली. मासिक पाळीला पाप ठरवणारा हा भाग टाकून द्यायलाच हवा. कुठल्याही बाईनं त्याचं ओझं वाहण्याचं कारण नाही. पण त्याच कहाणीत पुढे रात्री गोठ्यात बैल आणि कुत्री बोलतात. घरात श्राद्धाचं जेवण झालं आणि दिवसभर राबलेल्या बैलाला घासही मिळाला नाही, ज्या बापाचं श्राद्ध तोच उपाशी. हे ऐकून मुलगा हादरतो. कहाणीचा हा भाग जपण्यासारखा आहे. ताटातल्या अन्नामागे कुणीतरी उपाशी उभा असू शकतो, हे ती फार जवळून दाखवते.

हे दोन प्रश्न, कुणाचे कष्ट आणि किती साठा, घेऊन उंद्रीच्या शिवारात उभं राहिलं, तर पाकीटबंद अन्नाचा मामला पॅलिओपेक्षा अधिक स्पष्ट दिसतो.

भाद्रपदात या भागात रान हिरवंगार असतं, आणि त्या हिरव्यात मोठा वाटा सोयाबीनचा असतो. दोन पिढ्यांपूर्वी इथे ज्वारी होती. ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी, कण्या, आंबील. कडबा बैलाला, दाणा माणसाला. १९९० नंतर सोयाबीननं विदर्भात ज्वारीची जागा घेत नेली. शेतकऱ्याला दोष देण्याचं कारण नाही. नगदी पैसा, कमी दिवसांचं पीक, आणि ज्वारीवर तुटून पडणारी पाखरं हेही खरंच. पण सोयाबीनचा स्वभाव निराळा. तो पिकवणाऱ्याच्या घरात शिजत नाही. सोंगणी झाली, मळणी झाली की पोती बाजार समितीत जातात, तिथून कारखान्यात. तिथे हेक्झेन या द्रावकानं तेल ओढून काढतात, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते, आणि शुद्ध केलेलं तेल एक लिटरच्या पिशवीत भरून त्याच गावच्या किराणा दुकानात परत येतं. त्याच दुकानाच्या दारात पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात. शाळा सुटली की लेकरं पहिल्यांदा तिथे थांबतात. शेतातून गेलेलं धान्य ओळख पुसून दारात येतं, आणि ते कुणाच्या घामाचं हे आता कुणालाच सांगता येत नाही. अगदी ज्यानं पेरलं त्यालाही.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस, तामस असे प्रकार सांगितले आहेत. शिजून एक प्रहर उलटलेलं, रस गेलेलं, शिळं अन्न तामस. प्रहर म्हणजे तीन तास. पुड्यावर लिहिलेली मुदत महिन्यांची असते, आणि ते न नासणं हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण मानला जातो. कणगीतला साठा निदान उंदराला, किड्याला, पाहुण्याला आणि भिकाऱ्याला लागत असे. हा साठा कुणालाच लागत नाही, आणि बुरशीही त्याला तोंड लावत नाही.

आधुनिक विज्ञानही इथवर दुसऱ्या वाटेनं आलं आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो यांनी अन्नाची विभागणी पोषकद्रव्यांवरून न करता, त्यावर किती आणि कशासाठी प्रक्रिया झाली यावरून केली. दळणं, कुटणं, आंबवणं, शिजवणं या माणसाच्या जुन्या प्रक्रिया एका बाजूला. कारखान्यात धान्याचे घटक सुटे करून, त्यांत रंग, वास, चव घालून नव्यानं जोडलेलं अतिप्रक्रियायुक्त अन्न दुसऱ्या बाजूला. या हिशेबात गिरणीतून दळून आणलेली ज्वारी निर्दोष ठरते. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांना एकाच इमारतीत ठेवून दोन आठवडे कारखान्याचं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर मांडलेल्या ताटांतलं साखर, चरबी, मीठ आणि तंतू यांचं प्रमाण जुळवून घेतलेलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्याच्या अन्नावर असताना माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अहवालानुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. तेव्हा पॅलिओवर गेलेल्या माणसाला बरं वाटतं, यात नवल नाही. छोट्या अभ्यासांत वजन आणि रक्तातली साखर उतरलेली दिसलीही आहे. पण यात मोठा वाटा सुटलेल्या पुड्याचा असावा. भाकरीवर त्याचं खापर फोडणं हा अन्याय आहे. दिवसभर निंदण करणाऱ्या मजूर बाईला पॅलिओ सांगणं तर क्रूरपणाच. तिनं धान्य सोडलं, डाळ सोडली, आणि गळ्यात तुळशीची माळ असल्यानं मांसही वर्ज्य, तर तिच्या ताटात उरेल काय?

विदर्भानं हा प्रश्न एकदा हाताळलेला आहे. १९३४ च्या अखेरीस वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा बसले आणि गिरणीत पॉलिश केलेला तांदूळ, पांढरी साखर, कारखान्याचं तेल यांच्याऐवजी हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, गूळ, घाणीचं तेल यांचे प्रयोग चालू झाले. गांधीजी त्यावर 'हरिजन'मधून लिहीत राहिले. त्यांनी 'मूळ' आहाराची वाटही आधी चालून पाहिली होती: १९२९ मध्ये आश्रमात न शिजवलेल्या, भिजवलेल्या धान्यावर राहण्याचा प्रयोग. प्रकृतीनं साथ दिली नाही, तेव्हा तो थांबवला आणि तसं मोकळेपणानं लिहिलंही. म्हणून मगनवाडीत त्यांनी आदिमानव शोधला नाही. तिथे विचारलं जायचं ते असं: या तांदळावरचा कोंडा कुणी काढला, का काढला, आणि त्या कामातून उठवलेल्या बाईचं काय झालं? वानप्रस्थाचा प्रश्न त्यांनी गावाच्या अर्थव्यवस्थेत आणून ठेवला.

गांधीजी नंतर ज्या शेगावात राहायला गेले, त्याचं नाव १९४० मध्ये सेवाग्राम झालं, कारण पत्रं बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगावला जात. आणि या दुसऱ्या शेगावाशिवाय उंद्रीतल्या पंचमीची गोष्ट पुरी होत नाही.

२३ फेब्रुवारी १८७८. शेगावात देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झाली होती. बाहेर फेकलेल्या पत्रावळींपाशी एक दिगंबर तरुण बसून उरलेली शितं वेचून खात होता. बंकटलाल अगरवालांनी त्याला पाहिलं आणि आत जाऊन ताट वाढून आणवलं. त्यानं पक्वान्नं वेगवेगळी न चाखता एकत्र कालवून खाल्ली, आणि पाणी जनावरांच्या हौदातलं प्यायला. हे गजानन महाराज. त्यांनी देह ठेवला ८ सप्टेंबर १९१० रोजी, आणि तो दिवस ऋषिपंचमीचा होता. त्यामुळे या जिल्ह्यात एकाच तिथीला दोन गोष्टी घडतात. घरात बाई नांगराचं अन्न वर्ज्य करते, आणि रस्त्यावरून दिंड्या अशा संताच्या समाधीकडे जातात, ज्यानं उष्ट्या पत्रावळीवरचं शीतही वर्ज्य मानलं नाही.

या दोन्हींत विरोध आहे, आणि तो लपवू नये. गीतेच्या मोजमापानं ती शितं तामस ठरतील. पण तैत्तिरीय उपनिषदात वरुणाचा मुलगा भृगू तप करून पहिल्यांदा ज्या निष्कर्षाला पोचतो, तो अन्न हेच ब्रह्म असा. पुढे तो प्राण, मन, विज्ञान, आनंद असा वर चढत जातो, तरी उपनिषद अन्नाला खाली टाकत नाही. अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न पुष्कळ पिकवावं आणि दारी आलेल्याला नाकारू नये, अशी व्रतं ते त्यानंतर सांगतं. पत्रावळीपाशी बसलेल्या माणसानं ही व्रतं अंगावर घेतली होती. लोकांनी टाकलेलं अन्न त्याच्या लेखी टाकाऊ झालं नव्हतं.

आहाराच्या नव्या पंथांमध्ये हेच कमी पडतं. गहू म्हणजे विष, दूध म्हणजे विष, डाळ म्हणजे विष, असं म्हणत माणूस अन्नाला भ्यायला लागतो. हा भयाचा धर्म आहे, आणि जुन्या सोवळ्याओवळ्यासारखाच तो शेवटी माणसामाणसांत अंतर पाडतो. लग्नाच्या पंगतीत पॅलिओवाला वेगळा बसतो; शेजारचा हात आखडतो. पंचमीचं व्रत मात्र धान्याला दोष देत नाही. बैलाचे कष्ट थोर आहेत, म्हणून एक दिवस त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, एवढंच ते म्हणतं.

आता शिवारात बैल कमी झाले आहेत. बऱ्याच घरांत पोळ्याला मातीचे बैल पुजतात, नांगरट ट्रॅक्टरनं होते. मग ट्रॅक्टरनं पिकलेला गहू पंचमीला चालावा का? अक्षर पाहिलं तर चालावा. तरी व्रत धरणाऱ्या बायका तो खात नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. ट्रॅक्टरमागे डिझेल आहे, कर्जाचा हप्ता आहे, रात्री तीनला मोटार चालू करायला उठणारा माणूस आहे. बैल दिसत होता, हे कष्ट दिसत नाहीत. व्रताचा अर्थ यापुढे टिकवायचा, तर तो या न दिसणाऱ्यांपर्यंत वाढवावा लागेल. त्या दिवशी पोळीसोबत पुडाही बाजूला ठेवला, एकादशीच्या फराळातला कारखान्यात बनलेला साबुदाणा आणि पाकिटातले वेफर्सही एकदा नीट पाहिले, तरी ऋषींचं काही उणं होणार नाही. साबुदाणा ज्याच्या कंदापासून होतो, तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. उपवासाला तो चालतो आणि इथल्या रानातली ज्वारी चालत नाही, यावर घराघरात बोलणं व्हायला हवं.

पंचमी उलटते. एक-दोन दिवसांत, अनुराधा नक्षत्रावर, महालक्ष्म्या येतात. माळ्यावरून मुखवटे उतरवतात, पत्र्याच्या कोठ्या पुसून ठेवतात. साडी नेसवण्याआधी कोठ्या भरायच्या असतात. ज्या बाईनं परवा गव्हाचा दाणा तोंडात घातला नव्हता, तीच आता सुपातून गहू ओतते, त्यावर तांदूळ, घरात असलीच तर थोडी ज्वारी. कोठी जड होत जाते, हलवून पाहिली की आतून धान्याचा खळखळ आवाज येतो. मग त्यावर मुखवटा चढतो. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळी आणि ज्वारीची आंबील. आंबिलीसाठी घरात ज्वारी नसली, तर शेजारणीकडून वाटीभर मागून आणतात. दुकानातून आणलेली चालते, पण मागून आणलेलीच बरी, असं जुन्या बायका म्हणतात.